औषध कोणतं, त्याआधी कोणत्या तासांसाठी?

प्रश्न : आमचा मुलगा साडेआठ वर्षांचा आहे, तिसरीत. वजन २२ किलो, खाण्याची मुळातच कुरकुर. शाळेच्या तक्रारी पहिलीपासून आहेत : बाकावर बसत नाही, उत्तर येत असून वही कोरी, रोज काहीतरी हरवून येतो. संध्याकाळी गृहपाठाला दोन-दोन तास लागतात आणि शेवट रडारडीत. बालमानसोपचारतज्ज्ञांनी तीन भेटींत तपासून, शाळेकडून आणि आमच्याकडून प्रश्नावल्या भरून घेऊन एडीएचडीचं (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) निदान केलं. पालकांसाठीचं वर्तन-प्रशिक्षण आम्ही चार महिने केलं. घरी थोडा फरक आहे, शाळेत काही नाही. आता त्यांनी तीन पर्याय लिहून दिलेत : मेथिलफेनिडेटची साधी ५ मिलिग्रॅमची गोळी, त्याच औषधाची दिवसभर चालणारी १८ मिलिग्रॅमची गोळी, किंवा ॲटोमोक्सेटीन. घरी बोलून ठरवा, म्हणाले. त्याच्या बाबांना भीती आहे की एकदा सुरू झालं की सुटणार नाही. सासूबाई म्हणतात, मोठा झाला की होईल शांत. मला द्यावंसं वाटतं, पण तो आधीच बारीक आहे आणि त्याला गोळी गिळताच येत नाही. त्याचे काका बत्तिसाव्या वर्षी खेळता खेळता अचानक गेले, तेव्हापासून घरात औषध म्हटलं की धास्तीच असते. काय निवडावं?

उत्तर : पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता जे लिहिलंय ते आधी घेतो, कारण निवडीपेक्षा ते तातडीचं आहे. काकांबद्दल डॉक्टरांना सांगितलंय का? नसेल, तर पहिली गोळी पोटात जायच्या आत सांगा. मेथिलफेनिडेट असो की ॲटोमोक्सेटीन, दोन्हींनी नाडी आणि रक्तदाब किंचित वाढतात. निरोगी हृदयाला त्याचं काही वाटत नाही. पण हृदयाचा स्नायू जाड होण्याचे किंवा ठोक्यांची लय बिघडण्याचे काही आजार घराण्यात चालत येतात, आणि त्यांचं पहिलं लक्षण कधी कधी धावता-खेळताना कोसळणं हेच असतं. म्हणून काकांचं शवविच्छेदन झालं असेल तर त्याचा अहवाल शोधा. घराण्यात आणखी कोणी चाळिशीच्या आत असं अचानक गेलंय का, हे वडीलधाऱ्यांना विचारा. मुलाला पळताना कधी चक्कर आली, छातीत दुखलं, उगाच धडधडलं, असं काही आठवत असेल तर तारखेसकट लिहून ठेवा. या औषधांआधी प्रत्येक मुलाचा ईसीजी काढावा लागत नाही. तुमच्या मुलाचा काढायला हवा, आणि बालहृदयरोगतज्ज्ञांचं मतही घ्यायला हवं. ते बहुधा इकोही (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगतील. काका हे बाबांचे सख्खे भाऊ असतील तर बाबांनी स्वतःची तपासणी करून घेणं मुलाच्या औषधाचा प्रश्न नसता तरी गरजेचंच होतं. हे सगळं नीट निघालं तर तिन्ही पर्याय खुले राहतात, आणि ते नीट निघालं असं धरूनच पुढचं लिहितो आहोत.

आता बाबांची भीती. मेथिलफेनिडेटची साधी गोळी साधारण अर्ध्या तासात लागू व्हायला सुरुवात होते आणि तीन ते चार तासांत उतरते. सकाळी दिलेली गोळी संध्याकाळपर्यंत अंगातून बहुतेक गेलेली असते, आणि उद्याची गोळी द्यायची की नाही हे उद्या ठरवता येतं. त्यामुळे आज तुम्ही पुढच्या दहा वर्षांचा निर्णय घेत नाही आहात. चार ते सहा आठवडे, ठरवलेल्या मोजमापासह, औषध देऊन बघायचं, एवढाच निर्णय आहे. उपयोग नसेल तर बंद करायचं. सवयीबद्दल : हे औषध चुकीच्या मार्गाने, मोठ्या मात्रेत घेतलं तर त्याचा गैरवापर होऊ शकतो, म्हणून ते कुलपात ठेवायचं, गोळ्या मोजून ठेवायच्या आणि कुणालाही 'जरा देऊन बघा' म्हणून द्यायच्या नाहीत. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तोंडाने, ठरलेल्या मात्रेत घेणाऱ्या मुलांमध्ये मोठेपणी व्यसनाचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. वय वाढतं तशी धावपळ, उड्या, बाकावरून उठणं बऱ्याच मुलांमध्ये कमी होतं. लक्ष न टिकणं आणि वस्तू-वेळ-काम यांचा ताळमेळ न जमणं मात्र अनेकांमध्ये राहतं. आणि वाट बघायची ती वर्षं रिकामी जात नाहीत. त्या काळात मूल रोज बोलणी खात असतं.

तुमच्या कागदावर पर्याय तीन दिसत असले तरी औषधं दोनच आहेत. पहिले दोन म्हणजे एकच मेथिलफेनिडेट, फरक फक्त ते किती तास चालतं याचा. पालक 'साधी की मोठी' यावर खूप वेळ घालवतात, जणू मोठी गोळी जास्त जहाल असते. तसं नाही. १८ मिलिग्रॅमची लांब चालणारी गोळी म्हणजे साधारण साधी ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा दिल्यासारखं. या प्रकारच्या गोळीच्या बाहेरच्या थरात जवळपास ४ मिलिग्रॅम औषध असतं, ते लगेच सुटतं. उरलेलं आतून हळूहळू ढकललं जातं आणि परिणाम दहा-बारा तास टिकतो. तिचं कवच विरघळत नाही, शौचातून तसंच बाहेर पडतं. ते पाहून 'गोळी पचलीच नाही' म्हणून दुसरी देऊ नका. ही गोळी चावायची नाही, तोडायची नाही, कुटायची नाही; कुटली तर दिवसभराचं औषध एकदम सुटतं. म्हणजे आजच्या घडीला, गिळता येत नाही तोवर, ती तुमच्या मुलासाठी नाहीच.

याच औषधाच्या काही कॅप्सूलमध्ये बारीक मणी असतात. काही लगेच विरघळणारे, काही उशिरा. परिणाम साधारण आठ तास. अशी कॅप्सूल उघडून मणी एखाद्या मऊ, गार पदार्थाच्या चमचाभर घासावर टाकून देता येतात, फक्त मणी चावायचे नाहीत आणि घास ठेवून द्यायचा नाही, लगेच संपवायचा. ती तुमच्याकडे मिळते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. कागदावर नाही म्हणून पर्याय नाही असं नसतं.

तेव्हा औषध निवडण्याआधी एक आठवडा घड्याळ बघा. एका कागदावर सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंतचे तास मांडा आणि कुठे सगळ्यात जास्त अडतं तिथे खूण करा. शाळेचे पहिले तीन तास? मधल्या सुट्टीनंतर? गृहपाठ? आंघोळ आणि दप्तर? तुमच्या पत्रावरून दोन जागा दिसतात, शाळा आणि संध्याकाळचा गृहपाठ. साध्या गोळीने शाळेचा पूर्वार्ध निभतो, उत्तरार्धासाठी दुपारची गोळी लागते. ती शाळेत कोण देणार, कुठे ठेवणार, आणि सगळ्यांसमोर नाव पुकारून देणार का, हे आधी विचारून घ्या, कारण दुपारची गोळी बंद पडण्याचं कारण औषध क्वचितच असतं; बहुतेकदा ती विसरली जाते किंवा मुलाला लाज वाटते. लांब चालणाऱ्या गोळीचा खरा फायदा हाच, की ही दुपारची गोळी लागतच नाही.

ॲटोमोक्सेटीनचं गणित निराळं. ते तासांत चालत नाही. रोज दिलं की हळूहळू लागू पडतं आणि मग दिवसभर, सकाळी उठताना आणि रात्री झोपतानाही, थोडं थोडं असतं. मात्रा वजनावर ठरते. सुरुवात दर किलोला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे २२ किलोला ११, प्रत्यक्षात १० मिलिग्रॅमची कॅप्सूल. पुढे दर किलोला १.२ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे २६ च्या आसपास, प्रत्यक्षात २५. पूर्ण गुण दिसायला सहा ते आठ आठवडे, काही मुलांत त्याहून जास्त लागतात. दुसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून बंद करणं ही या औषधाबाबत हमखास होणारी चूक. मळमळ, पोटदुखी, पेंग हे सुरुवातीचे त्रास. रिकाम्या पोटी दिलं की वाढतात, म्हणून खाण्यानंतर द्यायचं. कॅप्सूल उघडायची नाही, आतली भुकटी डोळ्यात गेली तर झोंबते. भूक यानेही कमी होऊ शकते, म्हणून 'बारीक आहे म्हणून ॲटोमोक्सेटीन' हा सरळ हिशेब नाही. आणि आणखी एक : काही मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा मात्रा वाढवताना मन खचणं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येणं असं क्वचित दिसतं. त्यावर या औषधाच्या माहितीपत्रकात ठळक इशारा आहे. मूल एकदम गप्प, चिडकं किंवा निराश झालं तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी कळवायचं.

याशिवाय ग्वानफासीन आणि क्लोनिडीन ही औषधं आहेत. ती पेंग आणतात, रक्तदाब उतरवतात, आणि मुलाचं डोकं फार भडकत असेल, झटके-उचक्यांसारख्या टिक्स असतील तेव्हा उपयोगी पडतात. ती कधीही एका दिवसात थांबवायची नाहीत, रक्तदाब उसळतो. आणि मुलाला उलट्या होऊन दोन-तीन मात्रा चुकल्या तरी डॉक्टरांना फोन करायचा. तुमच्या मुलासाठी आज त्यांचा विचार करायचं कारण दिसत नाही.

आमचं मत विचाराल तर, हृदयाची तपासणी नीट निघाल्यावर, मेथिलफेनिडेटच्या साध्या गोळीपासून सुरुवात करावी. एडीएचडीच्या औषधांच्या तोपर्यंतच्या चाचण्या एकत्र तपासणारं एक मोठं विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झालं. त्यातही मुलांसाठी पहिली पसंती मेथिलफेनिडेटलाच आहे. साधीच का? कारण साधी गोळी अर्धी करता येते, चुरून देता येते, आणि काही त्रास झालाच तर तो चार तासांत ओसरतो. औषध मानवतं का आणि कितपत मात्रा लागते, हे तिच्यावर कळलं की मग लांब चालणाऱ्या प्रकाराकडे वळावं. दरम्यान गिळायला शिकवावं. ॲटोमोक्सेटीन मागे ठेवावं : मेथिलफेनिडेटने भूक किंवा झोप खरंच कोलमडली, टिक्स खूप वाढल्या, किंवा दोन प्रकार नीट मात्रेत देऊनही गुण आला नाही, तर. अंतिम शब्द अर्थात तुमच्या डॉक्टरांचा. मुलाला त्यांनी पाहिलंय, आम्ही नाही.

मेथिलफेनिडेटची योग्य मात्रा वजनावरून नेमकी काढता येत नाही. २२ किलोच्या एका मुलाला ५ मिलिग्रॅम पुरतं, तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्याला १५ लागतं. म्हणून थोड्यापासून सुरुवात करून दर आठवड्याला ५ मिलिग्रॅमने वाढवत नेतात आणि जिथे फायदा स्पष्ट आणि त्रास सोसण्याजोगा, तिथे थांबतात. इथे सगळ्यात जास्त काय चुकतं? पहिल्या मात्रेवर थोडा फरक दिसला की तिथेच थांबणं, किंवा फरक दिसला नाही की 'याला चालत नाही' म्हणून सोडून देणं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एमटीए नावाच्या अमेरिकी अभ्यासात ७ ते ९ वर्षांच्या ५७९ मुलांवर १४ महिने उपचार झाले. दर महिन्याला भेट, शिक्षकांचा अभिप्राय आणि नेमून काढलेली मात्रा मिळालेल्या मुलांची लक्षणं, बाहेर नेहमीसारखे उपचार घेणाऱ्या मुलांपेक्षा स्पष्ट कमी झाली. गंमत अशी की बाहेरच्या मुलांपैकी बहुतेकांनाही औषध चालूच होतं, फक्त मात्रा कमी आणि भेटी थोड्या. आणि दुसरी बाजूही सांगायला हवी : तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा गटांमधला हा फरक उरला नव्हता. एकदा नीट बसवलं आणि विसरलं, असं हे औषध नाही.

म्हणून मोजमाप. औषधाआधी एक आठवडा आणि औषधानंतर दर आठवड्याला, तीनच गोष्टी मोजा, आणि त्या मोजता येण्याजोग्या असू द्या. 'लक्ष बरं आहे' हे मोजमाप नव्हे. 'वर्गात दिलेल्या पाच कामांपैकी किती पूर्ण झाली', 'गृहपाठाला किती मिनिटं लागली आणि त्यात किती वेळा उठला', 'दिवसात काय काय हरवलं' ही मोजमापं झाली. वर्गशिक्षकांना आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, पाच मिनिटांत भरता येईल असा अर्ध्या पानाचा कागद द्या. औषध सुरू आहे हे त्यांना सांगावं, पण कोणत्या आठवड्यात मात्रा वाढली ते सांगू नये. नाहीतर डोळे फरक शोधायला लागतात. तुमचा अभिप्रायही हवाच, पण सकाळच्या गोळीचा परिणाम तुम्हाला दिसत नाही हे लक्षात असू द्या. तो शाळेतून येतो तेव्हा औषध उतरलेलं असतं. 'घरी तर काहीच फरक नाही' असं म्हणून कितीतरी पालक चांगलं चाललेलं औषध बंद करतात.

त्रास ओळखतानाही घड्याळच कामी येतं. समजा साडेसातला गोळी दिली. नऊ-साडेनऊच्या सुमारास परिणाम चढणीवर असतो. त्या वेळी मूल मलूल, एकाच जागी टक लावून बसलेलं, न हसणारं, 'आपला मुलगाच नाही' असं वाटणारं झालं, तर मात्रा जास्त होतेय. डॉक्टरांना सांगून कमी करायची. तेच मूल साडेनऊला छान असेल आणि साडेअकरा-बाराला अर्धा-पाऊण तास कारण नसताना रडत, वस्तू फेकत असेल, तर ते औषध उतरतानाचं चिडचिडणं आहे. तिथे मात्रा कमी करून उपयोग नाही; दुपारची गोळी थोडी अलीकडे घ्यावी लागते किंवा लांब चालणारा प्रकार लागतो. बाहेरून दोन्ही तक्रारी 'औषधाने चिडका झाला' अशाच ऐकू येतात आणि उपाय अगदी उलट आहेत. म्हणून डॉक्टरांकडे जाताना 'चिडतो' एवढंच न सांगता गोळीची वेळ आणि चिडण्याची वेळ लिहून न्या.

भूक हा तुमच्यासाठी कळीचा मुद्दा. मेथिलफेनिडेटने दुपारचा डबा जवळजवळ तसाच परत येईल, हे आधीच धरून चाला. त्यावरून ओरडू नका, कोंबू नका. त्या वेळी त्याला खरोखरच भूक नसते. सकाळची न्याहारी गोळीच्या आधी, पोटभर, आणि जमेल तेवढी दाट : तेच ताट, पण त्यात तूप, लोणी, शेंगदाणे-बदामासारखं काही, दूध पूर्ण सायीचं. दुपारी दोन-चार घासांत संपणारं काहीतरी. मग औषध उतरल्यावर, संध्याकाळी, भूक धावत येते. तेव्हा ताट तयार हवं. झोपायच्या आधी पुन्हा एकदा काहीतरी खायला द्या. 'जेवणाची वेळ संपली' हा नियम निदान पहिले काही महिने बाजूला ठेवा. सुरू करायच्या आधीच्या दिवशी वजन आणि उंची मोजून तारखेसह लिहा. पहिले तीन महिने दर महिन्याला वजन, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत. नंतर दर तीन महिन्यांनी. उंची दर सहा महिन्यांनी. नाडी आणि रक्तदाब प्रत्येक मात्राबदलानंतर आणि पुढे दर सहा महिन्यांनी. सुरुवातीला किलो-अर्धा किलो वजन कमी होऊन थांबणं नेहमीचं आहे. घसरण चालूच राहिली, किंवा वाढीच्या तक्त्यावरची त्याची रेघ खाली उतरायला लागली, तर मात्रा, वेळ किंवा औषध बदलण्याची चर्चा करायची. वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्या मुलांची उंची सरासरीने एखाद-दोन सेंटिमीटर मागे राहू शकते. हे लपवण्यासारखं नाही, आणि घाबरण्यासारखंही नाही; पण मोजत राहायला हवं.

झोप लांबली तर आधी पाहा की औषध नसतानाही तो किती वाजता झोपत होता. औषधाआधीच्या आठवड्यातली ही नोंद नसेल तर सगळा दोष गोळीवर जातो. दुपारची गोळी दोन तास अलीकडे घेतल्याने बऱ्याचदा भागतं. डोकेदुखी आणि पोटदुखी पहिल्या पंधरा दिवसांत होते आणि बहुधा जाते. सर्दीची, नाक मोकळं करणारी औषधं स्वतःच्या मनाने देऊ नका. त्यांपैकी काही नाडी आणि रक्तदाब वाढवतात.

थांबवून लगेच वैद्यकीय मदत घ्यायची लक्षणं थोडी आहेत, पण पाठ असावीत : खेळताना छातीत दुखणं किंवा शुद्ध हरपणं, नसलेल्या गोष्टी दिसणं-ऐकू येणं, जीव देण्याची भाषा, चार तासांहून जास्त टिकणारा लिंगाचा ताठरपणा (मुलगे हे लाजेने सांगत नाहीत, म्हणून आधीच सांगून ठेवा), आणि ॲटोमोक्सेटीनवर असेल तर डोळे पिवळे होणं किंवा लघवी गडद होणं.

गिळायला शिकवणं दोन-तीन आठवड्यांचं काम आहे आणि ते गोळीने शिकवायचं नसतं. केकवर भुरभुरवतात त्या साखरेच्या दाण्यापासून सुरुवात करा. तो पाण्याच्या घोटाबरोबर सलग पाच वेळा सहज गेला की थोडी मोठी गोड गोळी, मग त्याहून मोठी, शेवटी औषधाच्या आकाराची. रोज पाच-सात मिनिटं, ताठ बसवून, तुम्ही समोर असताना. भांडण झाल्यावर किंवा घाईत नाही. अडलं की एक आकार मागे. मान मागे टाकायची सवय बहुतेक मुलांना असते. कॅप्सूलसाठी ती उलटी पडते. कॅप्सूल हलकी असते, पाण्यावर तरंगते, म्हणून घोट तोंडात असताना हनुवटी थोडी छातीकडे झुकवली की ती घशाकडे जाते. तोपर्यंत साधी गोळी चुरून चमचाभर मऊ घासात देता येते. चव कडू असते, त्यामुळे त्याच्या आवडत्या पदार्थात मिसळू नका. पदार्थही जाईल आणि गोळीही.

मुलाला काय सांगायचं? खरं तेच. 'जीवनसत्त्वाची गोळी' म्हणून दिलेली थाप तिसरी-चौथीत उघडी पडते, आणि मग तो कुठलीच गोळी विश्वासाने घेत नाही. 'तुझं डोकं हुशार आहे, पण एकाच वेळी दहा गोष्टींकडे पळतं. ही गोळी त्याला एका गोष्टीपाशी थांबायला मदत करते, अभ्यास तुलाच करायचा आहे' एवढं पुरे. आणि घरात सगळ्यांनी, आजींनीसुद्धा, एक वाक्य बंद करायचं : त्याने काही उचापत केली की 'आज गोळी घेतली नाहीस का?' त्यातून मूल एवढंच शिकतं की चांगलं वागते ती गोळी, आणि वाईट वागतो तो मी.

औषधाने जे होत नाही तेही आधी कळलेलं बरं. दप्तर भरायची सवय, वेळेचा अंदाज, हरलेला डाव सोसणं हे औषध शिकवत नाही. तुम्ही चार महिने जे शिकलात ते चालूच ठेवा, उलट आता त्याचा जास्त उपयोग होईल. तुमच्या पत्रातलं 'उत्तर येत असून वही कोरी' हे आम्हाला खटकलं. तोंडी उत्तर चोख आणि लिहायला बसलं की अडतं, असं असेल तर लेखनाच्या अध्ययन अक्षमतेची वेगळी चाचणी करून घ्या. एडीएचडीबरोबर ती बऱ्याचदा असते आणि गोळीने जात नाही. तो रात्री घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर तेही सांगा; अर्धवट झोपेचं मूल दिवसभर अगदी असंच वागतं. साखर बंद करून एडीएचडी जात नाही. ओमेगा-३ ने झालाच तर अगदी किंचित फरक पडतो, औषधाच्या जागी तो चालणार नाही. आणि 'पूर्ण नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या, आत काय आहे ते न लिहिलेल्या चूर्णांना हात लावू नका.

सकाळची गोळी राहिली तर? साधी असेल तर थोडी उशिरा चालते, लांब चालणारी असेल तर मधल्या सुट्टीनंतर देऊ नका, रात्रभर जागा राहील. त्या दिवशी सोडून द्या. ॲटोमोक्सेटीन त्याच दिवशी आठवलं तर द्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट कधीच नाही. सुट्टीच्या दिवशी मेथिलफेनिडेट न देण्याची मुभा काही डॉक्टर देतात, विशेषतः वजन कमी होत असेल तर. सुरुवातीच्या महिन्यात मात्र रोज द्या, नाहीतर मोजमाप विस्कटतं. ॲटोमोक्सेटीनला अशी सुट्टी नसते.

औषध लागू पडलं तरी वर्षातून एकदा, डॉक्टरांशी ठरवून, एक-दोन आठवडे बंद ठेवून पुन्हा तीच तीन मोजमापं घ्या. गरज उरली आहे का, हे कळायला दुसरा मार्ग नाही, आणि बाबांच्या 'सुटणार नाही' या शंकेचं उत्तरही तिथेच मिळेल. त्यासाठी शाळेचा पहिला महिना किंवा परीक्षेच्या आधीचे आठवडे निवडू नका. वर्ग रुळलेला आहे, शिक्षक मुलाला ओळखतात आणि काही मोठं चाललेलं नाही, असे मधले दिवस बघा.